गोलकोंडा की बेगम बाजार?

हैदराबादेत स्थायिक झालेला मराठी माणूस चारमिनारला जातो तो पाहुण्यांबरोबर. सांगलीहून मावशी आली, की चारमिनार. पुण्याहून मित्र सहकुटुंब आला, की चारमिनार आणि बिर्याणी. एरवी आमचं आयुष्य गच्चीबावली, कोंडापूर आणि माधापूर या त्रिकोणात सुखाने चालू असतं. मी इथे अकरा वर्षं आहे. ऑफिस, लेकीची शाळा, भाजी, दवाखाना सगळं सात-आठ किलोमीटरच्या आत. मुसी नदीच्या आजूबाजूचं जुनं शहर म्हणजे पाहुण्यांना दाखवायचं शहर. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असंच असेल.

गेल्या वर्षी आई-बाबा परभणीचं घर आवरून कायमचे आमच्याकडे राहायला आले. ते पाहुणे नव्हते, त्यामुळे त्यांना शहर दाखवायची घाईही कुणाला नव्हती. आठ महिने असेच गेले. शेवटी बायकोने एका शनिवारची, एक दिवसाच्या शहरदर्शनाची पाच तिकिटं काढली. जुन्या शहरात गाडी घालायची म्हणजे पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा वातानुकूलित बस, सोबत गाइड, सकाळी निघायचं आणि दिवेलागणीला परत. बाबांचे गुडघे दुखतात, लेक आठ वर्षांची, आईला बस लागते. या तिघांना एकत्र घेऊन फिरायचं तर हा मार्ग बरा, असा हिशोब.

सकाळी आठच्या सुमारास बशीरबागेजवळ बसमध्ये बसलो. आईच्या खांद्याला एक भलीमोठी कापडी पिशवी होती. ‘धपाटे आहेत, पाणी आहे’ एवढंच म्हणाली. धपाट्यांचं वजन इतकं नसतं हे माझ्या लक्षात आलं होतं, पण आईच्या पिशवीत काय आहे हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

बस सुटली आणि गाइडने माइक हातात घेतला. पंचविशीचा तरतरीत मुलगा. एका वाक्यात तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही बोलणारा. त्याने एकेका कुटुंबाला विचारायला सुरुवात केली, ‘आप लोग कहाँ से?’ रायपूर. कोईमतूर. कोलकाता. आमची पाळी आली तेव्हा मी गच्चीबावली म्हणणार, इतक्यात बाबा म्हणाले, ‘परभणी.’

‘महाराष्ट्र से! वेलकम टू हैदराबाद, अंकलजी!’

बाबा शांतपणे म्हणाले, ‘मेरी पैदाइश हैदराबाद स्टेट की है, बेटा.’

तो मुलगा क्षणभर गोंधळला, मग हसून म्हणाला, ‘फिर तो आप इधर केच हैं!’

लेकीने माझा शर्ट ओढून विचारलं, ‘म्हणजे आजोबा तेलंगणाचे आहेत?’

आपल्या मुलांना हे कोडं पडणं साहजिक आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य भारतात सामील झालं, पण हैदराबाद हे स्वतंत्र राज्य म्हणून पुढे आठ वर्षं राहिलं. मराठवाडा त्याच्यातून निघून मुंबई राज्यात गेला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. बाबांचा जन्म १९५० चा. म्हणजे ते सहा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या घराची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. माझ्या आजोबांचं तर निम्मं आयुष्य या शहराकडे तोंड करून गेलं. ते उर्दू माध्यमात शिकले, निजामाचे हाली रुपये त्यांनी मोजले, आणि पुढे एका वकिलाचे कारकून म्हणून हायकोर्टाच्या तारखांना मीटरगेजच्या गाडीने इथे येत राहिले. मराठवाड्यातली जुनी जमिनीची कागदपत्रं उर्दूत असत, म्हणून त्यांनी बाबांनाही ती लिपी शिकवून ठेवली होती. बाबा आजही दुकानांच्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचतात आणि वाचून झाल्यावर स्वतःशीच मान हलवतात.

आणि तो गाइड जे बोलला त्यातला ‘च’ आपलाच. दखनी बोलीत जोर द्यायला ‘मैंइच’, ‘ऐसाइच’ म्हणतात, तो मराठीतून तिथे गेलेला आहे. ‘नक्को’ही तसाच. बाबांनी हे लेकीला सांगितल्यावर तिने दिवसभर ‘नक्को’चा जो वापर केला त्याबद्दल न बोललेलं बरं.

सहलीचं वर्णन फार करत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी ती ठिकाणं पाहिली आहेत. नौबत पहाडावरचं १९७६ चं संगमरवरी बिर्ला मंदिर, जिथे मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि जिथे घंटाच नाही (आई गाभाऱ्यातून बाहेर येईपर्यंत वर बघत होती). चौमहल्ला राजवाडा, तिथली झुंबरं आणि निजामाच्या मोटारी. १५९१ सालचा चारमिनार आम्ही खालूनच पाहिला. शेजारच्या लाड बाजारात बायकोने आणि लेकीने लाखेच्या बांगड्या घेतल्या. प्रत्येक ठिकाणी गाइड उतरताना मिनिटं सांगायचा: चाळीस, पंचेचाळीस, वीस. सकाळी मला ते शाळेच्या तासासारखं वाटलं, पण दुपारपर्यंत त्यात एक सोय दिसायला लागली. घरी आम्ही पाच जण पाच खोल्यांत पाच पडद्यांसमोर असतो. इथे सगळ्यांना एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघावं लागत होतं, आणि पुन्हा बसमध्ये बसल्यावर त्याच गोष्टीबद्दल बोलावं लागत होतं. बाबा आठ महिन्यांत बोलले नसतील एवढं त्या सकाळी बोलले.

चौमहल्ल्याच्या दरबार हॉलमध्ये मात्र ते गप्प होते. संगमरवरी चौथऱ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, ‘काही नाही. तुझ्या आजोबांनी या सरकारच्या नावाचे इतके कागद लिहिले, आणि हे आतून कधी पाहिलं नसेल. आज आपण तिकीट काढून आत आलो.’

जेवणानंतर सालारजंग संग्रहालय. इथे आईची पिशवी पकडली गेली. दारावर सामान तपासतात, तिथल्या सुरक्षारक्षक बाईंनी पिशवीत हात घातला आणि धपाट्यांच्या डब्याखालून एक पितळी पातेलं वर काढलं. चांगलं चार-पाच माणसांचं वरण शिजेल एवढं. मागे रांग. बाई पातेल्याकडे बघतायत, आम्ही आईकडे बघतोय.

‘ये क्या है, अम्मा?’

‘पातेलं,’ आई मराठीतच म्हणाली.

वस्तुसंग्रहालयात लोक जुन्या वस्तू बघायला येतात. घेऊन येणारी माझी आई पहिलीच असावी. पिशवी सामानघरात जमा झाली, टोकन मिळालं, आणि आत जाता जाता आईने खुलासा केला: ‘कल्हई करून आणायची आहे. बेगम बाजारातून.’

ही मागणी नवीन नव्हती. आई आल्यापासून दर पंधरा दिवसांनी ती होत असे, आणि सोसायटीच्या ग्रुपवर चौकशी करण्यापलीकडे ती कधी गेली नव्हती. (ग्रुपवर उत्तर आलं होतं की कल्हई म्हणजे काय.) परभणीचं घर आवरताना आईने दोन पोती भरतील इतकी तांब्या-पितळेची भांडी मोडीत दिली. घंगाळं, बंब, परात, कळशा. तेव्हा ती काही बोलली नाही, वजनकाट्यावर आकडा बरोबर आहे ना एवढंच पाहत राहिली. हे एक पातेलं तेवढं तिने बाजूला काढलं. त्याच्या काठाखाली माझ्या आजीचं नाव आहे आणि १९५५ साल. आजोबांनी ते कोर्टाच्या तारखेला आले असताना बेगम बाजारातून घेतलं होतं, आणि रात्रभर गाडीत मांडीवर ठेवून आणलं होतं, कारण नव्या भांड्याला पोचा पडला तर आजी बोलली असती.

संग्रहालयात आम्ही थेट संगीत घड्याळासमोर जाऊन बसलो. तिथे लोक बाकांवर नाटकाला बसल्यासारखे बसतात. तास भरायला आला की घड्याळातला एक छोटा दाढीवाला दार उघडून येतो, जितके वाजले तितके टोले देतो आणि परत आत जातो. आमच्या धंद्यात याला क्रॉन जॉब म्हणतात, पण आमचा कुठलाही क्रॉन जॉब बघायला दोनशे माणसं जमत नाहीत. तीनचे टोले झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आई मला म्हणाली, ‘इथून बेगम बाजार किती लांब आहे?’

मी फोनवर पाहिलं. नदी ओलांडली की दीड-दोन किलोमीटर.

आता प्रश्न असा होता की पुढचा थांबा गोलकोंडा. लेकीला तिथे टाळी वाजवायची होती. खाली फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारला ऐकू येते, हे तिला शाळेत सांगितलं होतं. आणि खरं तर गोलकोंडा बाबांनाही पाहायचा होता. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाच्या वेळी इथे आले होते, अबुल हसन कुतुबशहाला भेटले होते. आपल्या बखरींत या शहराचं नाव भागानगर. मादण्णा आणि आकण्णा या कुतुबशाहीतल्या कारभाऱ्यांबद्दल बाबा सकाळपासून बोलत होते. दहा वर्षांनी १६८७ मध्ये औरंगजेबाने आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर तोच किल्ला घेतला. पण वर जायला सुमारे ३६० पायऱ्या. बाबांनी स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

‘तुम्ही दोघी बसने जा,’ ते सुनेला म्हणाले. ‘टाळी नीट वाजवा. आम्ही तिघं जरा जाऊन येतो.’

गाइडला हे पटेना. ‘अंकलजी, गोलकोंडा छोड़ के बेगम बाजार? उधर देखने का क्या है?’

‘देखने का कुछ नहीं,’ बाबा म्हणाले, ‘काम है.’

रिक्षाने नया पूल ओलांडला. डाव्या हाताला उस्मानिया रुग्णालयाचे घुमट. याच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला, हजारो माणसं गेली, तेव्हा या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. त्या पुरानंतर शहर वाचवण्याच्या योजनेसाठी विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि उस्मान सागर, हिमायत सागर हे तलाव झाले. गच्चीबावलीहून शंकरपल्लीकडे जाताना आपण ज्याच्या काठाने सुटीच्या दिवशी फिरायला जातो तो गंडीपेटचा तलाव, तो हाच उस्मान सागर. म्हणजे आपल्या सहलीच्या जागेचं कारण इथे पुलाखाली वाहत होतं. (वाहत होतं म्हणजे फारसं नव्हतं. मुसीची आजची अवस्था वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

दुसऱ्या निजामाची, निजाम अली खानाची, बेगम हमदा हिने ही जमीन व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हा बेगम बाजार, असं सांगतात. रिक्षा एका कोपऱ्यावर थांबली, कारण पुढे हातगाड्या, पोती आणि टेम्पोंमधून फक्त माणूस जाऊ शकत होता. एका गल्लीत सुका मेवा. बदाम-पिस्त्यांचे ढीग, अंजिरांच्या माळा. पुढे मसाले, आईला चार शिंका आल्या आणि ती खूश झाली. मग हमालांना वाट देत, भिंतीला चिकटत आम्ही भांड्यांच्या गल्लीत आलो. स्टीलचे डबे छतापर्यंत, आणि पितळ-तांबं किलोवर.

मला वाटलं होतं मला त्यांना सांभाळावं लागेल. झालं उलटं. आई पुढे, बाबा मध्ये, मी पिशवी घेऊन मागे. आईने एका दुकानदाराला पातेलं दाखवून विचारलं. त्याने ते हातात घेतलं, नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘जुनं पितळ आहे मावशी. मोडीत द्यायचंय का? भाव चांगला लावतो.’

‘नाही,’ आई म्हणाली. इतक्या पटकन, की तो हसला. नांदेड-परभणीचे व्यापारी माल भरायला येतात, म्हणून मराठी येतं, असं तो म्हणाला. कल्हईवाला कुठे बसतो तेही त्यानेच सांगितलं.

कल्हई तुमच्यापैकी तरुणांनी पाहिली नसेल म्हणून सांगतो. मीही लहानपणी दारावर पाहिली त्यानंतर आत्ताच. भांडं आतून घासून निखाऱ्यांवर धरतात. तापलं की नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो आणि नाकाला झोंबतो. मग कथलाची कांडी टेकवतात. कथील २३२ अंशांना वितळतं, पितळ नऊशेच्याही पुढे, त्यामुळे भांड्याला काही होत नाही आणि कथील मात्र पाण्यासारखं पसरतं. कापसाच्या बोळ्याने ते एका झपाट्यात आतून फिरवायचं, आणि भांडं पाण्यात. बस. नुसत्या पितळेत आंबट शिजवलं तर कळकतं. हा पांढरा थर मधे असला की वरणात चिंच घालायला हरकत नाही. कल्हईवाले चाचा सत्तरीचे असतील. बाबा त्यांच्याशेजारी लाकडी खोक्यावर बसले आणि दोघं दखनीत बोलायला लागले. कोळसा महागला, मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे, गुडघे. बाबा आमच्या इमारतीत कुणाशी असे बोलताना मी पाहिलेले नाहीत. तिथे त्यांना सगळे ‘अंकल’ म्हणतात आणि लिफ्टचं बटण दाबून देतात.

आई बोलत नव्हती. निखाऱ्यांकडे बघत होती. चाचांनी पातेलं पाण्यात बुडवलं, चर्रर्र झालं, आणि बाहेर काढून तिच्यापुढे धरलं. आतून चांदीसारखं. तिने काठाखालचं नाव पदराने पुसलं आणि मला म्हणाली, ‘आता तुमच्या ओट्यावर माझंही एक भांडं झालं.’

आठ महिने ती आमच्या स्वयंपाकघरात रोज स्वयंपाक करत होती.

परतताना तिने लेकीसाठी एक छोटं पितळी फुलपात्र घेतलं. नाव घालायला हवंच. नाव घालणारा तरुण मुलगा यंत्र घेऊन दुकानाच्या पायरीवरच बसलेला होता. त्याने सवयीने विचारलं, ‘कौन सी भाषा में? तेलुगू, हिंदी, इंग्लिश?’

‘मराठी,’ आई म्हणाली.

‘हिंदीच ना, अम्मा?’

‘मराठी.’

त्याने खांदे उडवले, अक्षरं तीच असं म्हणाला आणि कामाला लागला. पण आमच्या लेकीच्या नावात ळ आहे. तिथे येऊन यंत्र थांबलं. बाबांनी खिशातून सहलीचं तिकीट काढलं, त्याच्या मागे पेनने मोठा ळ काढून दाखवला आणि उच्चारून दाखवला. मुलाचा चेहरा उजळला. ‘ये तो हमारे में भी है, सार! हिंदी में नहीं है.’ तो तेलुगू होता. तेलुगूत ळ आहे. त्याने आधी तिकिटावर शेजारी आपला ळ काढून बाबांना दाखवला, मग आमचा फुलपात्रावर कोरला. थोडा वाकडा आला आहे, पण आहे. खाली साल घातलं, २०२५.

लेक आणि बायको साडेआठला घरी पोचल्या, धुळीने माखलेल्या. लेकीने फुलपात्र उलटंपालटं करून पाहिलं. ती इंग्रजी शाळेत जाते. मराठी बोलते खणखणीत, वाचते अडखळत. स्वतःचं नाव असल्यामुळे तिने बोट ठेवत वाचलं आणि ळ पाशी थांबली. ‘हा आडवा आठ मीच आहे का?’

‘तूच,’ आई आतून म्हणाली. वरण नव्या कल्हईच्या पातेल्यात चढलं होतं.

बाबांनी पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडले होते. त्यांनी नातीला विचारलं, ‘मग? टाळी ऐकू आली का वर?’

‘आली,’ ती म्हणाली. ‘पण मम्मा खाली वाजवायला थांबलीच नव्हती, आम्ही दोघी वरच होतो. ती दुसऱ्याच कुणाची तरी होती.’